पंचनाम्यात न आलेली भाकरी

दिनांक ११ डिसेंबर १९६७. आगमनकाळातील दुसऱ्या रविवारनंतरचा तो सोमवार होता. पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटे झाली आणि सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्याचे कोयनानगर क्षणार्धात कोसळले. साडेसहाच्या आसपास तीव्रतेच्या त्या भूकंपात सुमारे १८० माणसे प्राणांस मुकली, हजारांवर जखमी झाली. धरणाच्या कामासाठी वसवलेल्या त्या वसाहतीतील बहुतेक घरे राहण्याजोगी उरली नाहीत. वीजकेंद्र बंद पडले, आणि त्याबरोबर दूरवरच्या मुंबईतील यंत्रेही थबकली. आमचा जन्म त्यानंतर चार वर्षांनी झाला. तथापि ती पहाट आम्ही घरी इतक्या वेळा ऐकली आहे की, ती डोळ्यांनी पाहिली असेच कधी कधी वाटते. वसईच्या आमच्या घरात फडताळावरची पितळेची भांडी खाली आली, आई जपमाळ हाती घेऊन अंगणात धावली आणि वडील मात्र 'मांजर असेल' म्हणून कूस बदलून झोपले, अशी ती गोष्ट. दर नाताळात ती सांगितली जाई व दर नाताळात पडलेल्या भांड्यांची संख्या वाढे.

कोयनेचा इतिहास सांगणारे बहुधा याच पहाटेपासून सुरुवात करतात. ते स्वाभाविक आहे. भूकंपाला तारीख असते, वेळ असते, मृतांची संख्या असते. परंतु त्या खोऱ्यातील माणसांनी जे गमावले ते गमावण्यास सहा-सात वर्षे आधीच आरंभ झाला होता, आणि तो धरणीच्या पोटात नव्हे तर स्वयंपाकघरात झाला होता. त्या हानीला तारीख नाही. वाचकहो, प्रस्तुत लेखात आम्ही तिच्याविषयी लिहू इच्छितो, कारण ती हानी प्रत्यक्ष ज्यांच्या जिभेवर होती ती पिढी आता ऐंशीच्या पलीकडे गेली आहे.

महाबळेश्वरी उगम पावलेली कोयना प्रथम दक्षिणेस वाहते. सह्याद्रीच्या मुख्य रांगेला समांतर अशी सुमारे पासष्ट किलोमीटर ती जाते आणि हेळवाकजवळ अचानक पूर्वेस वळण घेऊन कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेस मिळते. या वळणाच्या थोडे वर, देशमुखवाडी येथे, १९५४ पासून धरणाचे काम सुरू झाले. १०३ मीटर उंचीची भिंत, मागे पन्नास किलोमीटर पसरलेला जलाशय, आणि ते पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेस नेऊन पोफळीच्या बाजूस खाली सोडायचे व त्यावर वीज निर्माण करायची, अशी ती योजना होती. पूर्वेस जाणारे पाणी पश्चिमेस वळवणे ही त्या काळी मोठीच झेप होती, यात शंका नाही. १९६१-६२ पासून पाणी साठू लागले. जलाशयास शिवसागर असे नाव देण्यात आले. पाण्याखाली व पाण्याच्या वेढ्यात सापडलेली गावे शंभराच्या आसपास होती. जावळी व पाटण तालुक्यांतील ही माणसे सातारा, सांगली, सोलापूर, तेव्हाचा कुलाबा आणि ठाणे अशा जिल्ह्यांत विखुरली.

जमीन घेण्यासाठी सरकारच्या हाती १८९४ सालचा भूसंपादन कायदा होता. त्या कायद्यान्वये जमिनीची किंमत, घराची किंमत, झाडांची किंमत, उभ्या पिकाची किंमत एवढ्यांचा हिशेब होई. पंचनाम्यात आंबे लिहिले गेले, फणस लिहिले गेले, घराची पाखी व भिंती मोजल्या गेल्या. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा केला तो १९७६ साली. म्हणजे कोयनेच्या माणसांना घरे सोडून पंधरा वर्षे झाल्यावर. या विलंबाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि तो लढा अद्याप संपलेला नाही. २०१८ साली या धरणग्रस्तांची मुले व नातवंडे कोयनानगरात ठिय्या देऊन बसली होती. आमचा विषय त्याहून लहान आहे. पंचनाम्याच्या कागदावर भाकरीसाठी रकाना नव्हता.

कोणती भाकरी? आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना भाकरी म्हटली की तांदळाची किंवा ज्वारीची आठवेल. कोयनेच्या वरच्या खोऱ्यात ती नाचणीची. कोयनानगरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नदीकाठच्या थोड्या सपाटीवर भात, आणि बाकी सारा उतार. त्या उतारावर नाचणी, वरी, सावा. उन्हाळ्यात झाडांच्या फांद्या, पालापाचोळा व शेण पसरून ते भाजायचे. याला राब म्हणतात. पहिल्या पावसाच्या सुमारास त्या राखेत बी पेरायचे, रोपे हातभर झाली की धो धो पावसात, डोक्यावर इरले घेऊन, ती उपटून उतारावर लावायची. पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, तिसऱ्या वर्षी कारळे किंवा कुळीथ, आणि मग तो तुकडा काही वर्षे डोंगराला परत द्यायचा. इंग्रजी अमदानीतील वनाधिकाऱ्यांनी या पद्धतीला जंगलाची नासाडी ठरवले व तिच्यावर निर्बंध घातले. त्यात सर्वस्वी खोटे होते असे नाही. पण या खोऱ्यातील माणूस डोंगराचा एक तुकडा 'सोडून देणे' ही गोष्ट दर दोन-तीन वर्षांनी करीत होता, ही आम्हांला विचारात घेण्याजोगी बाब वाटते. सोडलेले परत मिळते हा त्याचा अनुभव होता. १९६१ साली त्याला जे सोडावे लागले ते या हिशेबात बसणारे नव्हते.

नाचणीचा दाणा मोहरीएवढा. त्याला कीड लागत नाही. कणगीत वर्षानुवर्षे राहतो. म्हणून ज्या घरी नाचणी आहे त्या घरी भीती कमी, असा हिशेब. या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, ते गरम पाण्यात मळावे लागते, आणि थापताना भाकरी चिरू नये यासाठी हाताला सवय लागते. ती तव्यावर पडली की तांबूस-काळी होते. तिच्याबरोबर कारळ्याची चटणी, कधी हुलग्याचे माडगे, पावसाळ्यात कुर्डू, टाकळा, भारंगी या रानभाज्या व ओढ्याचे खेकडे. उन्हाळ्यात ताकात शिजवलेली आंबील. वरच्या सड्यांवर गवळी धनगरांची घरे, त्यांच्या म्हशी. त्यांच्याकडून ताक-तूप खाली येई व धान्य वर जाई. कुंभार्लीच्या घाटाने कोकणातून मीठ, आमसुले, नारळ आणि सुके मासे येत. देशावरून गूळ आणि मिरची. म्हणजे या डोंगरी चुलीवर कोकण आणि देश दोन्ही भेटत होते. सुक्या बोंबलाचा वास सह्याद्री ओलांडून जात होता, हे आमच्या किनाऱ्यावरच्या वाचकांस ऐकून बरे वाटेल.

करवंदे, जांभळे, फणस, मध, अळंबी यांना मालक नव्हता. ज्याला मालक नाही त्याची नुकसानभरपाई नाही. अधिकारी दुष्ट होते असे येथे सुचवायचे नाही. त्यांच्या हातातील कागदाला जेवढे दिसत होते तेवढेच त्यांनी लिहिले.

येथे एक सावधगिरी घ्यावीशी वाटते. गेलेल्या अन्नाविषयी लिहिताना लेखणी फार लवकर गोड होते. नाचणी हे त्या खोऱ्यात हौसेचे नव्हे, गरजेचे अन्न होते. तांदूळ होई तो पुष्कळदा विकला जाई. स्वतःच्या पानात भात सणाला, पाहुण्याला, आजाऱ्याला. आषाढ-श्रावणात कणगीचा तळ दिसू लागे आणि कंदमुळांवर दिवस काढावे लागत. आता २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते हे शहरातील डॉक्टर सांगू लागले, आणि तीच नाचणी चकचकीत पाकिटात बिस्किटे होऊन बसली. तिच्यामुळे 'डोंगरी' म्हणून हिणवून घेतलेल्या माणसांना यात कोणता विनोद दिसत असेल, ते त्यांनाच ठाऊक.

आणि जाते. पहाटे चारच्या सुमारास घरातील बाई उठे, सुपात धान्य घेई व जात्यासमोर बसे. नाचणी दळणे वेळखाऊ काम. दाणा बारीक, तो दगडातून निसटतो. दोघी समोरासमोर बसून खुंटा धरीत. या श्रमातून जे जन्माला आले त्याला आपण ओवी म्हणतो. माहेर, सासर, भाऊ, मेलेले मूल, पंढरीचा विठ्ठल, नवऱ्याचा मार, पाऊस. दिवसा जे बोलायची सोय नव्हती ते पहाटे जात्याच्या आवाजाआड बोलले जाई. पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन पुण्यात स्थायिक झालेले समाजशास्त्रज्ञ गी पॉयत्वाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. पॉयत्वाँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली. हा संग्रह 'पारी'च्या माध्यमातून २०१७ पासून प्रकाशात येत आहे. आम्हां कॅथलिकांना या छंदाचे अप्रूप असण्याचे आणखी एक कारण आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांना १६१६ साली रायतूर येथे छापलेले 'ख्रिस्तपुराण' लोकांच्या कानी घालायचे होते, तेव्हा त्यांनी दहा हजारांहून अधिक कडवी रचली ती ओवीतच. ग्रंथातील ओवी आणि जात्यावरची ओवी यांत भेद आहे, तो पंडितांनी दाखविला आहे. पण मराठी कानाला कथा कोणत्या चालीत ऐकायची सवय आहे, हे त्या परदेशी धर्मगुरूने अचूक ओळखले होते.

सांगायचा मुद्दा असा की, पीठ आणि गोष्ट एकाच वेळी, एकाच ठिकाणी, एकाच हाताने तयार होत होती. म्हणून एक गेले तेव्हा दुसरे धोक्यात आले.

गावे हलली. नव्या वसाहतीत विजेची गिरणी होती, आणि ती वीज कुठून आली हे सांगायला नको. पाटा-वरवंटा ट्रकमध्ये चढला. जाते पुष्कळांनी तिथेच ठेवले, कारण ते जड. शिवसागराच्या तळाशी आजही किती जाती असतील, हा विचार आमच्या मनात वरचेवर येतो. उन्हाळ्यात पाणी उतरले की जुन्या वस्त्यांची जोती उघडी पडतात व बामणोली-तापोळ्याच्या नावांतून सहलीला निघालेली मंडळी त्यांची छायाचित्रे घेतात.

आता एक कबुली देतो. २००८ च्या सुमारास आम्ही सांगली जिल्ह्यात सेवेत होतो. त्या जिल्ह्याचा पूर्व भाग दुष्काळी. वर्षाला पाचशे मिलिमीटर पाऊस पडला तरी लोक देवाचे आभार मानतात. काळी जमीन, ज्वारी, बाभळी. तेथील कोयनाग्रस्तांच्या एका वसाहतीतला एक मुलगा आमच्या वसतिगृहात राहत असे. कुटुंब हिंदू, सालस. त्याला घरी सोडायला गेलो असता त्याच्या आजीशी ओळख झाली. लग्न होऊन वर्ष-दीड वर्ष झाले तोच गाव सोडावे लागले, असे त्यांनी सांगितले. आम्ही पुष्कळदा गेलो. त्यांच्या बोलण्यात धरण क्वचित येई. येई ती नाचणी, राब, तिथले पाणी, तिथल्या म्हशीचे दूध, सासूने शिकवलेली आंबील. आपण हे सारे बोलणे 'आठवणी' या सदरात टाकतो व मान डोलावतो. आम्हीही तेच केले.

पुढल्या वर्षी नाताळच्या सायंकाळी शेजारच्या सर्व धर्मांच्या मंडळींना बोलावून आम्ही एक कार्यक्रम ठेवला. गोठ्याजवळ उभे राहून आम्ही बोललो. मरिया व योसेफ यांना जागा मिळाली नाही, तशी या आजींनाही मिळाली नाही. रिकाम्या कणगीकडे पाहत, उपाशी पोटी, रडत त्या तरुण सुनेने उंबरा ओलांडला, असे चित्र आम्ही रंगविले. सेमिनरीत वक्तृत्वाचे धडे घेतल्याचा तो परिणाम. श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी आले. आजीही बसल्या होत्या. कार्यक्रम संपल्यावर नातवाचा हात धरून त्या आमच्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "फादर, आमी उपाशी न्हवतो. त्या साली कणगी भरल्याली व्हती. गाडीत जागा न्हवती म्हणून ठिवली."

आम्ही काहीतरी पुटपुटलो. त्या रागावल्या नव्हत्या, हे अधिक बोचले.

त्या रात्री झोप आली नाही. आम्ही एका भरल्या घराला रिकामे केले होते, कारण आमच्या गोष्टीला रिकामी कणगी हवी होती. हानी म्हणजे दारिद्र्य, विस्थापित म्हणजे भुकेला, हा साचा आमच्याजवळ तयार होता; आजींना आम्ही त्यात ओतले. पंचनामा करणाऱ्या कारकुनाने निदान खोटे लिहिले नव्हते.

पुढे त्यांनी जे सांगितले ते आम्ही तिखटमीठ न लावता येथे देतो. ट्रकमध्ये अंथरूण, भांडी, देव आणि दोन पोती भात चढले. नाचणी मागे राहिली. सासूने मात्र बियाण्याची नाचणी फडक्यात बांधून मडक्यात घातली व ते मडके मांडीवर घेऊन ती सांगलीपर्यंत आली. पहिल्या पावसाळ्यात पेरली. पावसाळा कसला, चार सरी. उगवली, हातभर झाली व करपली. दुसऱ्या वर्षी जमिनीचे काम सरकारदरबारी अडले, मजुरी मिळेना, आणि श्रावणात एके दिवशी सासूने मडके उघडले व उरलेले बी दळायला दिले. "बी खाल्लं," एवढे सांगून आजी थांबल्या. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या वाचकांना हे दोन शब्द समजावून सांगावे लागणार नाहीत. भूक होती ती या दिवशी होती. गाव सोडल्याच्या दिवशी नव्हती. सासू त्यानंतर पाच-सहा वर्षे जगली, पण तिने पुन्हा ओवी म्हटली नाही, असे आजी म्हणत. आम्ही विचारले, "आजी, जात्यामुळे का? गिरणी आली म्हणून?" त्यावर त्या हसल्या. "जातं गेलं ते लई ब्येस झालं, फादर. तुमी कदी दळलंय का?"

याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते.

१९६७ ची पहाट त्यांनी सांगलीकडे अनुभवली. जमीन हलली तेव्हा वसाहतीतील म्हातारी माणसे लगेच म्हणाली, की पाणी उठले. खोऱ्यात मागे राहिलेल्या नातलगांकडून त्यांना आधीच कळले होते. जलाशय भरू लागल्यापासून, म्हणजे १९६२ पासून, तिथे जमिनीतून सुरुंगाच्या बारासारखे आवाज येत होते आणि भिंती थरथरत होत्या. १३ सप्टेंबर १९६७ रोजी एक मोठा धक्का बसूनही गेला होता. एवढ्या ओझ्याखाली डोंगर गप्प बसणार नाही, अशी गोष्ट लोकांत पसरली. भोळ्या माणसांची कल्पना म्हणून तिच्याकडे पाहिले गेले. दख्खनचा खडक स्थिर मानला जाई. भूकंपाच्या धोक्याच्या तेव्हाच्या नकाशावर कोयनेचा प्रदेश अगदी खालच्या श्रेणीत होता. भूकंपानंतर नकाशा बदलला व तो प्रदेश चौथ्या श्रेणीत गेला. जलाशयाचा आणि भूकंपाचा संबंध आहे की नाही यावर तज्ज्ञांत दीर्घकाळ वाद झाला. आज जलाशयामुळे चेतवल्या गेलेल्या भूकंपांचे जगातील सर्वांत मोठे उदाहरण म्हणून कोयनेचेच नाव घेतले जाते. त्याचा शोध अद्याप चालू आहे. कऱ्हाडला त्यासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे आणि गोठणे येथे तीन किलोमीटर खोल विवर घेऊन खडक तपासण्यात आला आहे. लोकांची गोष्ट शास्त्र नव्हती, आणि ती तशी आहे असे आम्ही म्हणत नाही. पाण्याने नवी भेग पाडली नाही. पूर्वीच ताण साठलेल्या भेगेला त्याने निमित्त दिले, असे शास्त्रज्ञ सांगतात. परंतु ज्या म्हाताऱ्यांना कोणी विचारले नव्हते त्यांनी पाण्याकडे बोट दाखविले होते, आणि बोट चुकीच्या दिशेला नव्हते.

तरीही एक भेद आम्ही पुढे शिकलो. म्हाताऱ्यांची ती गोष्ट आणि आमची नाताळची गोष्ट, दोन्ही रचलेल्याच. त्यांनी ऐकलेल्या आवाजांतून रचली. आम्ही ऐकलेले बाजूला सारून रचली.

मराठीत धरणग्रस्तांविषयी विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' ही कादंबरी १९९१ साली आली व पुढल्याच वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लेखक महसूल खात्यात अधिकारी होते. फाइल कशी चालते व कुठे अडते हे त्यांना आतून ठाऊक होते. ती वाचल्यावर धरणाकडे पूर्वीच्या डोळ्यांनी पाहता येत नाही. आमच्या परंपरेच्या जवळचे उदाहरण घ्यावयाचे तर लक्ष्मीबाई टिळकांचे. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. त्यातील सोवळे-ओवळे, घागरी, चूल, अन्नावरून झालेले रुसवे काढून टाकले, तर धर्मांतरासारख्या मोठ्या घटनेतील वेदना आपल्यापर्यंत पोहोचलीच नसती. जातीबाहेर होणे म्हणजे काय, हे त्या बाई सिद्धांताने सांगत नाहीत. कोणाच्या हातचे पाणी घशाखाली उतरले नाही, ते सांगतात. आणि हे सांगताना स्वतःवर हसतात. त्यांच्या दुःखाला दुसऱ्या कोणी साचा पुरवला नाही, हे आम्हांला त्या पुस्तकाचे मोठे भाग्य वाटते.

बायबलमध्येही अरण्यातील इस्राएली लोक 'गणना' या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात मान्न्याला कंटाळून मिसरमधील काकड्या, कलिंगडे, कांदे व लसूण यांची आठवण काढून रडतात. आम्हांला सेमिनरीत हा उतारा कृतघ्नतेचे उदाहरण म्हणून शिकविण्यात आला. आम्हीही पुढे तसाच शिकविला. आजींना भेटल्यानंतर मात्र तो उतारा वाचताना आम्ही थोडे अडखळतो. गुलामीतून सुटलेल्या माणसालाही जुन्या जेवणाची चव आठवते, आणि ती आठवते म्हणून त्याला गुलामी परत हवी असते असे नाही. आजींना जाते परत नको होते. नाचणी हवी होती.

वसाहतीत पुढे रेशनचे धान्य आले, १९७२ च्या दुष्काळात मिलो आणि सुकडी आली, नंतर संकरित ज्वारी. आजींची मुले ज्वारीवर वाढली, नातवंडे पोळीवर. खाली कृष्णाकाठी ऊस फोफावला, कारखाने उभे राहिले. कोयनेच्या पाण्याने व विजेने जी समृद्धी आली ती खरी आहे आणि तिचा लाभ आपण सर्वांनी घेतला आहे. आमच्या देवळातील दिवेही त्यातलेच. नातवाला आम्ही विचारले होते, की तुला नाचणी आवडते का. तो म्हणाला, "आजी सांगते तेव्हा आवडते."

२०११ च्या मे महिन्यात कऱ्हाडहून चिपळूणकडे जाताना आम्ही कोयनानगरला उतरलो. धरणाची भिंत दुरून पाहिली. भूकंपात तिला तडे गेले होते व पुढे तिला मागून आधार देऊन बळकट करण्यात आले, तो जाड भाग दिसतो. वसाहतीतील नवी घरे बैठी आणि हलकी आहेत. बाजारात एका धनगर बाईकडे नाचणी होती. पायलीभर घेतली. तिने ती कुठे पिकवली म्हणून विचारले, तर वरच्या अंगाला हात केला. तिकडे अभयारण्य १९८५ साली जाहीर झाले आहे आणि २०१० पासून तो सारा पट्टा व्याघ्र प्रकल्पात मोडतो, त्यामुळे अधिक विचारले नाही.

ती नाचणी घेऊन आम्ही वसाहतीत गेलो. आजींनी मूठभर दाणे तळहातावर घेतले, फुंकर मारली, एक दाणा दाताखाली धरला. सुनेला त्या म्हणाल्या, की निम्मी गिरणीत दे, आणि गिरणीवाल्याला सांग की आधी दुसरे दळून दगड गरम झाला असेल तर थांब, नाहीतर पीठ जळते. संध्याकाळी त्यांनी स्वतः काठवट पुढे घेतली. पाणी किती गरम हवे ते सुनेला बोट बुडवून दाखविले. पहिली भाकरी चिरली. दुसरीही चिरली. पन्नास वर्षे हात ज्वारीवर चालला होता. तिसरी अखंड उतरली आणि ती त्यांनी आमच्या पानात वाढली, चटणी व कांद्याबरोबर. चिरलेल्या दोन्ही स्वतःकडे ठेवल्या.

चव कशी आहे, तिकडच्यासारखी आहे का, असे विचारण्याचा मोह आम्ही आवरला. त्यांनीही काही सांगितले नाही. जेवण झाल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "पाणी खाली गेलं व्हतं का? देवळाचा दगड दिसला?" आम्ही वरच्या अंगाला गेलो नव्हतो, त्यामुळे तो पाहिला नव्हता. तसे सांगितले.

उरलेल्या निम्म्या नाचणीचे त्या काय करणार होत्या ते तेव्हा कळले नाही. २०१९ साली त्या गेल्या. नातू आता नोकरी करतो. त्याने दूरध्वनीवर सांगितले, की आजीच्या फळीवर मडक्यात फडक्यात बांधलेली नाचणी सापडली, आठ वर्षांची, कीड न लागलेली. तिचे काय करावे, असे तो विचारीत होता.